खंडेनवमीची अंघोळ

मुजफ्फर मेस्त्रीनं फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं आणि आतून लालसर पाणी ओघळून खाली टपटपलं.

"आरं तिच्या! ही गाडी रक्त ओकाय लागली का काय?" त्यानं बोट बुडवून बघितलं. "कुंकू हाय, वहिनी. कुणीतरी हिला झकास अंघोळ घालून पूजा केलीय."

श्रेया हसली नाही. मागं झोपायची सोय, चुलीपुरता ओटा, वर पाण्याची टाकी, अशी ही फिरत्या घरासारखी गाडी तिनं स्वतः उभी केली होती. मोसमातली पहिली फेरी आजच होती. पाहुणे बारामतीच्या स्टँडवर बॅगा घेऊन ताटकळत होते आणि गाडी कळस गावी घराच्या अंगणात मुकी उभी होती.

"कशानं झालं, तेवढं सांगा."

"पाण्यानं. पावसाचं न्हाय हे, पाइप धरून मारलेलं हाय. सगळ्या जोडांत शिरलंय. त्यात चावी फिरवली, शॉर्ट झालं. इंजिनाचा कंप्युटर गेलाय. पुण्यास्नं मागवाय लागंल."

कट्ट्यावर बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी, हिंदुरावांनी, हातातली सुपारी तोंडात न टाकता तशीच मुठीत धरली.

काल नवमीला श्रेया माहेरी, माळेगावला गेली होती. हिंदुरावांनी ट्रॅक्टर धुतला, नांगर धुतला, कोयते-खुरपी घासून पाटावर मांडली. मग त्यांची नजर सुनेच्या गाडीवर गेली. ही गाडी दारात आली तेव्हा त्यांनी आकांडतांडव केलं होतं. 'घराला चाकं लावायची अवदसा कुणाला आठवली?' म्हणून सुनेशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. काल मात्र वाटलं, झालं गेलं. ही गाडीही आता घरातलीच. सगळ्या अवजारांची पूजा करायची आणि हिलाच उपाशी ठेवायची का?

बॉनेट उघडलं, तर आत वायरींवर मळकी प्लास्टिकची पिशवी बांधलेली. सणाच्या दिवशी देवापुढं चिंध्या नेसवून कोण उभं करतं? त्यांनी पिशवी सोडली, मोटर चालू केली आणि ट्रॅक्टरला मारायचे तसाच इंजिनावर पाइप मारला. ट्रॅक्टरला जन्मात कधी काही झालं नव्हतं. मग कुंकू वाहिलं, पाणी सोडलं आणि हात जोडले.

"धुतली कुणी?" श्रेयानं विचारलं.

ड्रायव्हर नागेश बॉनेटच्या कडेला उभा होता. वायरींवर पिशवी त्यानंच बांधली होती. काल संध्याकाळी तो आला तेव्हा ती तारेवर वाळत घातलेली त्यानं बघितली होती, अंगणातला चिखलही बघितला होता; त्याचा अर्थ त्याला आत्ता लागला. त्यानं मान वर करून हिंदुरावांकडं पाहिलं.

हिंदुराव जमिनीकडं बघू लागले. एवढं तोंड उघडायचं, आणि सून काय समजणार? पहिल्यापासून गाडी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत सलत होती, शेवटी दावा साधला. तिला खरं वाटणार न्हाय.

"मीच, वहिनी," नागेश म्हणाला.

"तू? इंजिनाला पाणी लावू नको म्हणून मलाच बजावणारा तू?"

"सण होता. चुकलं."

श्रेयानं फोन हातात घेतला. "चावी ठेव," ती म्हणाली. "उद्यापासून नको येऊस." आणि पाहुण्यांना फोन लावत ती घरात गेली.

मुजफ्फरनं पाने गोळा केले. "मीच म्हणं! लेका, दुकानावर येऊन वायरीला कसली पिशवी बांधू म्हणून माझं डोकं खाल्लंस. अन् तूच पाइप मारलास व्हय?" नागेशनं बॉनेट लावून घेतलं. मुजफ्फरनं एकवार कट्ट्याकडं पाहिलं, मान हलवली आणि मोटारसायकलला किक मारली.

नागेशनं चावी कट्ट्यावर ठेवली. दिवस कलला होता. गावात सोनं लुटून परतणाऱ्या पोरांचा गलका ऐकू येत होता. नागेशनं खिशातून आपट्याची पानं काढली आणि हिंदुरावांपुढं वाकला.

"आबा, सोनं घ्या."

हिंदुरावांचा हात पुढं झालाच नाही. नागेशनंच त्यांची मूठ उघडली, सुपारी बाजूला सारली आणि पानं तळव्यावर ठेवली.

"आबा, त्या गाडीत सगळा विजेचा कारभार हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "टॅक्टरवानी न्हाय ती. वल्लं फडकं फिरवलं तरी पूजा पोचती देवाला. नवा ड्रायव्हर आला की त्याला तेवढं सांगा."

"पोरा, तुझं लगीन ठरलंय. अन् हातचं काम गेलं म्हटल्यावर..."

"बघू. हुईल कुठंतरी काम." नागेश उठला, चपला पायांत सरकवल्या आणि गेटाकडं चालू लागला.

घरातून श्रेयाचा आवाज आला, "आबा, गेला का तो?"

हिंदुराव कट्ट्यावरून उठले. नागेश गेटाची कडी काढत होता.

"गाडी म्या धुतली," हिंदुराव म्हणाले, त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.