क्रॉयडनमधला वन्स मोअर

थापा मी पुष्कळ मारतो, पण ही लंडनमधल्या आमच्या क्रॉयडनच्या मराठी मंडळातली, २००४ सालची गोष्ट खरी.

रविवारी दुपारी एका ऑपेरा गायिकेचा जुना ब्रिटिश सिनेमा लावला होता. शेवटी ती भरल्या थिएटरात, रंगमंचावर गाता गाता कोसळून मरते. डॉक्टर शशिकांतांनी संगीत नाटकाच्या सवयीने आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"

"अहो, सिनेमा आहे तो," त्यांच्या पत्नी मधुमतीवहिनी म्हणाल्या. सगळे हसले.

पडद्यावर ती उठली, तेच गाणं गायली आणि पुन्हा मेली.

तेवढ्यात शशिकांत छाती धरून कोसळले. वहिनींनी जिभेखाली गोळी ठेवली, तेव्हा कुठे श्वास परतला. मी प्रोजेक्टरची वायर उपटली.

तरी पडद्यावरचे प्रेक्षक उभे राहिले, आमच्याकडे वळले आणि शशिकांतांकडे बघत टाळ्या वाजवू लागले.

शशिकांतांचा हात पुन्हा छातीकडे गेला.