बारवेतलं भूत

पुरुषोत्तमनगरच्या पुढे उसाच्या फडाआड एक जुनी बारव होती. कोरीव पायऱ्या, कोनाड्यांत मूर्ती, वर वडाची गार सावली. तरी तिकडे कोणी फिरकत नसे, कारण बारवेत भूत आहे असं शेजारच्या शेतातले म्हातारे उखाआबा येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावून सांगत.

विज्ञान शिकवणाऱ्या भूपेश सरांना ते ऐकून चीडच आली. एका रविवारी बायको-मुलांना घेऊन ते मुद्दाम तिथे गेले, पायऱ्यांवर बसून भरीत-भाकरी खाल्ली आणि फोनवर शुद्ध मराठीत व्हिडिओ टाकला: "एवढा सुंदर वारसा आपल्या उशाशी आहे! भूतबित काही नाही. बिनधास्त सहलीला या."

लोक बिनधास्त आले.

महिन्याभराने सर पुन्हा गेले, तेव्हा पाण्यावर थर्माकोलच्या ताटल्या तरंगत होत्या, कोनाडे गुटख्याने रंगले होते आणि गणपतीच्या सोंडेचा टवका उडाला होता. उखाआबा एकटेच काठीने ताटल्या काठाला ओढत होते.

"सर, ते भूत मन्हा आजानी बसाडेल व्हतं," ते मान वर न करताच म्हणाले. "तीन पिढ्या आम्ही सांभाळं. तुम्ही एक दिनमा काढी टाकं."

सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्यात उतरले.

त्याच संध्याकाळी त्यांचा नवा व्हिडिओ आला, या वेळी अस्सल अहिराणीत:



"भाऊसहोन, मन्ही चूक व्हयनी. बारवमा भूत शे. मी सोता दखं."