गाणं थांबतं तिथे

"काकू, वाकून या. हे शटर याच्या वर जातच नाही," हिरव्या केसांची मुलगी म्हणाली.

आई वाकून गॅरेजात शिरली. रविवारची दुपार होती. दुरुस्तीच्या गाड्या बाहेर काढून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या जागी पोरंपोरी दाटीवाटीनं उभी होती. कुणाचे टी-शर्ट हातानं रंगवलेले, कुणाचे मुद्दाम फाडून पिनांनी जोडलेले. मागच्या भिंतीशी, रचलेल्या टायरांपुढे, तिघांचा बँड वायरी जोडत होता.

गॅरेजवाला दाराशी स्टुलावर बसला होता, कानांत कापूस घालून. त्यानं आईला फोनवरच सांगून टाकलं होतं, "तुमचा पोरगा इथे गेला, ताई. तुम्ही नको म्हणालात तर आजपासून यांचं बंद. मला काय, असला आवाज गाडीतून आला तर मी आधी इंजिन उतरवतो."

आई नको म्हणायलाच आली होती. त्याला जाऊन चार वर्षं झाली तरी ही पोरं तिथेच नाचतात, हे तिला गेल्या आठवड्यात कळलं होतं. हिरवीनं घरी येऊन एवढंच मागितलं होतं, की एकदा बघा आणि मग नको म्हणा.

"इथे खांबाला धरून थांबा," हिरवी म्हणाली. "धक्के लागतील. पण कुणी पडलं की सगळे थांबतात. नियमच आहे."

"तेव्हा होता का नियम?"

हिरवीनं मान खाली घातली. "नव्हता. टिल्लू पडला ते कुणाला दिसलंच नाही, काकू. गाणं संपल्यावर दिसलं."

त्याला इथेही टिल्लूच म्हणत होते तर. आईनं खांब घट्ट धरला.

तिच्या पुढे दोघं हमरीतुमरीवर आली होती. "दुसऱ्या कॅसेटपासून हे बँडवाले पैशासाठी विकले गेले, लिहून घे माझ्याकडून!"

"हे? अरे, फुकट दिले तरी कोण नेणार यांना!"

टिल्लू आणि त्याच्या मित्रांचं हेच भांडण जेवणाच्या टेबलावर तिनं शंभरदा ऐकलं होतं. बाजू कुणाची बरोबर होती, ते तिला आजही सांगता आलं नसतं.

ड्रमवाल्यानं काठीवर काठी आपटली आणि गाणं सुरू झालं. तीनच सूर, तेही घासून घासून काढलेले. स्पीकरचा कागद फाटका होता, त्यामुळे प्रत्येक सुराच्या कडेला खरखर होती. आवाज कानांपेक्षा छातीतच जास्त वाजत होता. गाणारा तोंड उघडायच्या आत पुढचा शब्द गर्दीतून आलेला असायचा. पोरं उसळत होती, एकमेकांवर आदळत होती, घामानं निथळत होती. तिला वाटलं होतं, यांच्या अंगात राग असेल. राग नव्हता. नुसता आनंद होता, आणि तोच तिला जास्त लागला.

मग गाणं थांबलं, कडव्याच्या मध्येच, सुरीनं कापल्यासारखं. अँप्लिफायरचा एकसुरी गुणगुणाट तेवढा उरला.

गर्दी मागे सरली. मध्ये जमीन मोकळी झाली. तिथे काही नव्हतं, तेलाचा एक जुना डाग होता. हिरवी आणि आणखी काही जण त्या डागाभोवती उकिडवे बसले, त्यांनी हात खाली घातले आणि उचललं.

नाटक, आई मनात म्हणाली. हे दाखवायला बोलावलं होय मला!

पण रिकाम्या हातांनी उठणारा माणूस झटकन उठतो. ही झटकन उठली नाहीत. गुडघ्यांवर जोर देत, श्वास कोंडून, पाठ सांभाळत उठली. एकाच्या मनगटावरची शीर तट्ट फुगली. डावीकडच्या पोराची चप्पल तेलावरून सरकली, त्याचा हात खाली गेला, आणि त्याच क्षणी समोरचे दोघं त्याच्या बाजूला ओढले गेले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"सावकाश," कुणीतरी म्हणालं. "मान धर रे, मान लोंबतेय."

आईनं दाराकडे बघितलं. गॅरेजवाला स्टुलावरून उठला होता. शटरकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

"दादा, हे काय आहे?" तिनं विचारलं.

"मी बघत नाही, ताई," तो मागे न वळता म्हणाला. "एकदा बघितलं तेवढं पुरे झालं."

गुणगुणाट चालूच होता. मधल्यांचे दंड आता थरथरायला लागले होते आणि हात कमरेच्या वर येत नव्हते.

"काकू," हिरवी दात आवळून म्हणाली, "पायांकडे माणूस कमी पडतंय. हात देता?"

आईनं खांब सोडला. पोरांनी वाट करून दिली. कुठे उभं राहायचं ते कुणी सांगितलं नाही, आणि तिला विचारावंसं वाटलं नाही. हिरवीच्या हातांवर डोकं होतं. त्यापुढच्या दोघांच्या हातांवर खांदे. तिथून खाली पावलांपर्यंतचं माप तिच्या बोटांत होतं. दुकानातून आणलेली त्याची प्रत्येक पँट तिनंच खालून दुमडून शिवली होती.

ती बरोबर त्या जागी थांबली आणि दोन्ही तळवे पुढे केले.

"तिथे नाही, काकू," हिरवी हळूच म्हणाली. "अजून मागे व्हा. आता तिथे पोटऱ्या येतात."