करपलेला लसूण

रुसून गेलेली धाकटी बहीण या बंदराच्या शहरात कुठल्याशा खानावळीत स्वयंपाक करते, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं.

धक्क्यावरच्या खानावळीत मासा फक्कड होता. तो तोंड पाडून उठला.

बाजारातल्या खानावळीतला रस्सा त्याहून सरस निघाला. तो आणखीच हिरमुसला.

दीपगृहाखालच्या खानावळीत तो पहिल्याच घासाला थबकला.

"लसूण करपलाय ना? बदलून आणतो," वाढपी ओशाळून म्हणाला. "आमच्या बाई ऐकतच नाहीत. म्हणतात, आई करपवायची, म्हणून मीही करपवते."

"राहू द्या. आत सांगा, दादा म्हणतोय, अजून थोडा करपायला हवा होता."

आतला पळीचा आवाज थांबला.

"त्याला म्हणावं, एवढं कळतंय तर आत ये नि स्वतः करपव."