नामंजूर पाऊस

आमच्या लग्नात पाऊस पडला. सासऱ्यांनी तो मान्य केलेला नाही, त्यामुळे आपणही पडला नाही असंच धरून चालू.

मी हवामान खात्यात उपग्रहाची चित्रं वाचतो. लग्नाच्या दोन दिवस आधी, समुद्रावरून कराडकडे सरकणारा ढगांचा पांढरा पट्टा सासऱ्यांना मोबाइलवर दाखवला. म्हटलं, "बाबा, लॉन नको. हॉल घेऊ."

"जावईबापू, पाटबंधारे खात्यात हयात गेली माझी. नोव्हेंबरात पावसाला मंजुरी नसते."

"पण उपग्रहाला दिसतोय ना!"

"थेंब पडला की आमच्या डिशवरची मालिका जाते. ज्या उपग्रहाला पाऊस सोसत नाही, तो पावसाचं काय सांगणार?"

तो उपग्रह वेगळा, हे मी चहा गार होईपर्यंत समजावलं. शेवटी ते म्हणाले, "पडलाच पाऊस, तर भर मांडवात माईकवरून तुमचा उपग्रह खरा म्हणेन."

अंतरपाट धरला आणि आभाळ फाटलं. अक्षतांचा भात व्हायचाच काय तो बाकी होता. भटजी टेबलाखालून मंगलाष्टकं म्हणत होते. सासऱ्यांच्या फेट्यातून पाण्याची धार लागली होती. मी माईक पुढे केला.

"लॉनवाल्यानं तुषार सिंचन बंद केलेलं नाही," ते माईकवरून म्हणाले. "मंडळी, बसून घ्या."

वर्ष झालं. बाहेर पडताना छत्री घ्यावी का, हे सासरवाडीत मला सोडून सगळ्यांना विचारतात. तरी सासऱ्यांनी सदर पाऊस पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करावा, ही नम्र विनंती.