तीनशे नकली चित्रं

सांता फेच्या एका गॅलरीने अमादो आर्चुलेटाच्या नावावर नकली चित्रं खपवली, म्हणून तीनशे गिऱ्हाइकांनी मिळून एकच दावा लावला. तडजोड ठरली. सगळ्यांचे पैसे परत द्यायचे आणि चित्रं झाडून सगळी जाळून टाकायची. त्यांतली चाळीसेक चित्रं खरोखरच म्हाताऱ्या अमादोच्या हातची होती. तेवढी वाचवायला तो कोर्टात आला.

"आजोबा, आता मोडता नका घालू," गिऱ्हाइकांची वकील त्याच्या कानाशी लागली. "चित्र खरं निघालं तर पैसे परत नाहीत. कोण कबूल करणार?"

"अगं, पण ती मी काढलीत!"

"काढली असतील. विकत घेतलीत का? मग या दाव्यात तुम्ही कोण?"

न्यायाधीशबाईंना मात्र त्याची दया आली. त्या म्हणाल्या, "आपलं चित्र खरं आहे असं जो सांगेल, त्याचं चित्र मी जाळू देणार नाही."

कुणी हललं नाही. इतक्यात अमादोला तिसऱ्या रांगेत लोरेटा दिसली आणि त्याच्या जिवात जीव आला. गॅलरीवाल्याबरोबर ती त्याच्या घरी आली होती, हिरव्या मिरचीचा रस्सा दोनदा मागून जेवली होती, आणि रंग ओला असतानाच तिने चित्र पसंत केलं होतं.

"बाई, तुम्ही तरी सांगा!"

लोरेटा उठून उभी राहिली.



"मॅडम, ह्या गृहस्थांना मी आज पहिल्यांदाच पाहते आहे."