समोरची नळी

"हात पुढे करा, आजी," दवाखान्यात रक्त तपासणारी वुलान म्हणाली. वागिमानच्या रक्ताची नळी तिनं आधीच भरून ठेवली होती.

लास्तरीनं तोंड फिरवलं. "घे. पण माझ्या नावाचा कागद निघता कामा नये."

"कागद आजोबांचाच निघेल."

जावातल्या त्या खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात दोघं नवराबायको दहा महिने येत होती. वागिमानच्या मूत्रपिंडाचं दुखणं. रक्तातला आकडा चढत गेला की माणूस संपला, एवढं लास्तरीला कळलं होतं. तिची बहीण सार्मी तपासणीचा कागद हातात पडल्यावर महिन्यात गेली. आजारानं नाही, त्या कागदानं, असं लास्तरी आजही म्हणते. तेव्हापासून तिनं स्वतःची तपासणी म्हणून कधी करू दिली नाही.

वुलाननं दोन्ही नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये, रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, तोलासाठी समोरासमोर ठेवल्या.

"समोर पाण्याची नळी नाही का चालत?" लास्तरीनं विचारलं.

वुलाननं पाण्याच्या नळ्या ठेवलेला टेबलाचा खण गुडघ्यानं लोटून बंद केला.

"रक्तासमोर रक्तच लागतं," वागिमान म्हणाला. "साखर कारखान्यात एकतीस वर्षं अशीच यंत्रं फिरवली मी. वजन एका अंगाला गेलं की अख्खा मजला नाचायचा."

"झालं यांचं सुरू. नवऱ्याच्या वजनाला बायको, एवढंच ना?" लास्तरीनं सुजलेले पाय चपलांतून मोकळे केले. उन्हात चालून सुजतात, असं ती म्हणायची.

यंत्र घुमायला लागलं. वागिमाननं डोळे मिटले. कारखान्यात उसाचा दाणे धरलेला पाक जाळीच्या पिंपात असाच गरगरायचा. काळी मळी बाहेर फेकली जायची, आत जाळीला चिकटून राहायची ती साखर. हंगामाच्या आधी रिवाजानं दोन उसांचं लग्न लागायचं, वाजतगाजत. त्या वरातीत त्याला लास्तरी दिसली. मग रोज तिच्यासाठी सागाच्या पानात मूठभर गरम साखर. पुढे साहेबलोकांनी कारखाना भंगारात काढला, आणि माणसंही त्याच ढिगात टाकली. त्या मजल्यावर आता शेळ्या बांधतात.

"चोरीची साखर खाऊन फसले गं मी," लास्तरी वुलानला म्हणाली. "आता यांच्या पथ्यापायी खारा मासा बंद, सोयाबीनचं टेंपेसुद्धा अळणी. एका चुलीवर दोन कालवणं कोण करणार? गोळीदेखील एकट्याला गिळवत नाही. सोबत मलाही एक घ्यावी लागते."

"ताकदीची गोळी आहे ती," वागिमान म्हणाला.

यंत्र थांबलं. एका नळीत वर आलेलं पिवळं पाणी वुलाननं ओढून घेतलं, तपासायला लावलं. थोड्या वेळानं कागद निघाला. वर वागिमानचं नाव.

"आकडा उतरलाय," वुलान म्हणाली.

लास्तरीनं कागद छातीशी धरला. "वाचला माझा म्हातारा." आणि पायरीवरच्या बायकांना तो दाखवायला ती बाहेर गेली. वागिमान भिंतीला टेकून खाली बसला. टोपीनं त्यानं डोळे पुसले.

वुलान टेबल आवरायला लागली. सेंट्रिफ्यूजमध्ये एक नळी तशीच होती, झाकणही न उघडलेली. तिच्यावर वागिमानचं नाव होतं. दर महिन्यासारखी ती तिनं कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली.